मंदीत भाड्याचं घर सोडून बोटीवर: इंग्लंडच्या कालव्यांवर राहायला जाण्याआधीचा हिशेब आणि नंतरची कामं

मार्च २०२३ मध्ये लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या घरमालकाचा मेल आला: भाडं १,३५० वरून १,६०० पाउंड. त्यालाही काय बोलणार? बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर डिसेंबर २०२१ मध्ये ०.१ टक्का होता, तो तोवर ४ च्या घरात गेला होता (पुढे ऑगस्टमध्ये ५.२५ वर जाऊन थांबला). त्याचा हप्ता वाढला, त्याने तो आमच्याकडे सरकवला. महागाईने आदल्या ऑक्टोबरात ११.१ टक्के गाठले होते, आणि त्याच मार्चमध्ये माझं कंत्राट पुढे वाढणार नाही हेही कळलं. बायकोची नोकरी होती, पण तिच्या एकटीच्या पगारात हॅरो परवडणारं नव्हतं.

ऑगस्टमध्ये आम्ही ५७ फुटी नॅरोबोटीवर, म्हणजे कालव्यांसाठीच्या अरुंद, इंजिनवाल्या पोलादी बोटीवर, राहायला गेलो. आईला सोलापूरला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आता घरच नाही?" अर्धा तास समजावलं, तरी तिच्या मनात नावाडी आणि वल्हं हेच चित्र राहिलं.

तेव्हापासून महिन्यातून एखादा तरी ओळखीचा विचारतो, "आम्हालाही जमेल का?" त्यांच्यासाठी हे सगळं एकदाच लिहून काढतोय. मुद्दा एवढाच, की बोट भाड्याऐवजी तुमचा वेळ आणि तुमचं अंग मागते. ज्याच्याकडे पैसे कमी आणि वेळ बरा आहे त्याला हा सौदा परवडतो. दोन्ही नसतील तर नाही.

आधी हे तपासा

स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर कंपनीला तुमचा चालू पत्ता नोंदवून ठेवावा लागतो. दर पंधरा दिवसांनी हलणाऱ्या घराचं त्यात काय करायचं, हे एचआरला आणि इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय बोटींच्या जाहिराती बघायलाही बसू नका. आमच्याकडे कायम वास्तव्याचा परवाना होता, म्हणून तो प्रश्न आला नाही. शाळेत जाणारं मूल असेल तर फिरती बोट फार अवघड. गुडघे, कंबर किंवा दम यांची तक्रार असेल तरीही. २० लिटरची संडासाची टाकी आणि कोळशाची पोती सतत कुणीतरी उचलावीच लागतात.

आणि एक महत्त्वाचं: नोकरी गेल्यावर बोट घ्यायला निघू नका, असतानाच निघा. पगाराच्या स्लिपा नसताना कर्ज मिळत नाही. घाईत घेतलेली बोट पुढे खिसा कसा कापते, ते खाली बोट निवडण्याच्या भागात येईल.

हिशेब

आमच्या फ्लॅटचा महिन्याचा खर्च नव्या भाड्याने असा झाला असता: भाडं १,६००, कौन्सिल टॅक्स १५० च्या आसपास, वीज आणि गॅस २००. एकूण १,९५०.

बोटीचा आमचा हिवाळ्यातला महिना: लायसन्सचा वाटा ११०, विमा २०, स्वयंपाकाचा गॅस २५, डिझेल ५०, कोळसा १००, इंटरनेट ३०, लाँड्री ४०. यात दुरुस्तीसाठी १५० बाजूला टाकायचेच. तळाला डांबर, बॅटऱ्या, इंजिनाची कामं त्यातून होतात. झाले ५२५. उन्हाळ्यात कोळसा गळतो. हा १५० चा आकडा जे धरत नाहीत ते तिसऱ्या वर्षी बोट विकायला काढतात, हे मी एकाहून जास्त वेळा पाहिलंय.

आता बोटीची किंमत. आम्ही ५२,००० ला घेतली, बरीचशी बचतीतून. ४०,००० चं कर्ज दहा वर्षांसाठी १० टक्क्यांनी काढलं असतं, तर हप्ता ५२८ च्या आसपास बसला असता. म्हणजे एकूण साधारण १,०५०. फ्लॅटपेक्षा तेही कमीच, पण मंदीत हप्ता हाच गळ्यातला धोंडा असतो. शिवाय घराचं गृहकर्ज इथे चालत नाही, बोटीचं वेगळं कर्ज असतं, आणि कायमची बांधायची जागा नसेल तर ते मिळणं आणखी कठीण. बोटीची किंमत घरासारखी वाढतही नाही, ती गाडीसारखी उतरते. भावाने विचारलं होतं, "गुंतवणूक म्हणून कशी आहे?" गुंतवणूक म्हणून वाईट आहे.

कुठे बांधणार?

इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे कालवे आणि नद्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था सांभाळते. २०१२ मध्ये सरकारी ब्रिटिश वॉटरवेजकडून हे काम तिच्याकडे आलं. लायसन्स तिच्याकडूनच घ्यायचं. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: बोट सेफ्टी सर्टिफिकेट (दर चार वर्षांनी), विमा, आणि बोट कुठे राहणार याचं उत्तर.

या उत्तराचे दोन प्रकार आहेत. एक, भाड्याने कायमची जागा, म्हणजे मूरिंग. लंडनच्या आसपास ती मिळणं मुश्कील, आणि मिळाली तर वर्षाचे हजारो पाउंड जातात. मग निम्मी बचत तिथेच संपते. शिवाय बऱ्याच मूरिंगवर फक्त बोट ठेवायची परवानगी असते, राहायची नसते. करार नीट वाचा. दोन, 'कंटिन्युअस क्रूझिंग', म्हणजे जागा नाही, बोट फिरती. १९९५ चा ब्रिटिश वॉटरवेज कायदा म्हणतो की अशी बोट खरोखर प्रवासासाठी वापरली पाहिजे आणि एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये. आजारपण, बर्फ, बंद पडलेलं लॉक (बोट चढवण्या-उतरवण्याचं दरवाजांचं कुंड) अशा वाजवी कारणाने मुदत वाढवून मिळते, पण ती आधी कळवून मागायची असते.

किती लांब जायचं याचा आकडा कायद्यात नाही. पण वर्षभर पंधरा-वीस मैलांपेक्षा कमी टापूत घुटमळलात तर ट्रस्टचं समाधान होत नाही, आणि लायसन्सचं नूतनीकरण अडतं. काठावरून ट्रस्टची माणसं बोटींचे नंबर टिपत फिरतात. दोन पुलांच्या मध्ये पुढे-मागे करून चालत नाही.

फिरत्या बोटींच्या लायसन्सवर एप्रिल २०२४ पासून ५ टक्के अधिभार लागला. तो दरवर्षी ५ ने वाढत २०२८ मध्ये २५ टक्क्यांवर जाणार आहे. जुने लेख वाचून हिशेब करणाऱ्यांचा अंदाज इथे चुकतो.

नोकरी लंडनला असेल तर मार्ग नकाशा आणि रेल्वे दोन्ही समोर ठेवून आखा. आम्ही ग्रँड युनियन कालवा घेतला, कारण लंडनच्या युस्टन स्टेशनला जाणारी रेल्वे बराच काळ त्याच्या सोबतीने धावते. ट्रिंग, बर्कमस्टेड, हेमेल हेम्पस्टेड, ॲप्सली इथे बोट बांधा आणि गाडी पकडा. बर्कमस्टेडचं स्टेशन तर कालव्याला लागूनच आहे. हिवाळ्यात आम्ही पॅडिंग्टन आर्म या त्याच कालव्याच्या लंडनकडच्या फाट्यावर येतो. बुल्स ब्रिजपासून पॅडिंग्टनपर्यंत साडेतेरा मैल एकही लॉक नाही. वाटेत अल्पर्टन लागतं. तिथून ईलिंग रोडवर चालत जायचं, आणि मेथी, कोथिंबीर, भरायची छोटी वांगी पिशवीत टाकून परत यायचं. त्याच पट्ट्यात कालवा एका पुलावरून नॉर्थ सर्क्युलर रस्ता ओलांडतो. खाली गाड्या तुंबलेल्या असतात आणि वरून आपण तासाला दोन मैलांनी जात असतो. हे सुख हिशेबात धरलेलं नाही.

बोट निवडताना

नॅरोबोटीची रुंदी ६ फूट १० इंच, कारण जुनी लॉकं ७ फुटी आहेत. लांबी ५७ फुटांपर्यंत ठेवलीत तर जवळजवळ सगळं जाळं फिरता येतं. रुंद बोट राहायला ऐसपैस असते, पण तिला बरेच कालवे बंद आणि लायसन्सही महाग.

जाहिरातीत लाकडी कपाटं आणि शेगडीसमोरची मांजर दाखवतात. तुम्ही तळ बघा. नव्या बोटीचा तळ साधारण १० मिलिमीटर, बाजू ६ आणि छत ४ मिलिमीटर जाडीचं पोलाद असतं. ते पाण्यात गंजत जातं. जाडी ४ मिलिमीटरखाली गेली की विमा कंपन्या कुरकुरतात.

आम्हाला पहिली आवडलेली बोट ४०,००० ची होती. आत पितळी दिवे, नवा रंग, आणि विकणारा मधाळ बोलणारा. सर्व्हेयरने, म्हणजे बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाने, ती सुक्या गोदीत चढवून घेतली, तळाचा थोडा भाग खरवडला, छोटी हातोडी वाजवत फिरला आणि मग अल्ट्रासाउंडचं यंत्र टेकवत खडूने पोलादावरच आकडे लिहायला लागला. ५.४. ५.१. ४.८. इंजिनखाली वाकून गेला आणि बराच वेळ काही लिहिलं नाही. मग २.६. दोन वीत पुढे पुन्हा २.६. बाहेर येऊन हात पुसत एवढंच म्हणाला, "याच्यावर पत्रा मारावा लागेल, आणि तो मारला तरी मी घेतली नसती." गोदी आणि फी मिळून सातशेच्या आसपास गेले. बायको परतीच्या गाडीत म्हणाली, "सातशेत चाळीस हजार वाचले." मला तेव्हा फक्त सातशे दिसत होते.

तेव्हा सर्व्हेयर स्वतः नेमा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्याच्या जुन्या सर्व्हेवरही विसंबू नका. सौदा "सर्व्हे समाधानकारक आल्यास" या अटीवरच करा, आणि अनामत परत मिळण्याची अट लेखी घ्या. मालकीची कागदपत्रंही नीट चाळा, कारण इथे घरासारखी सरकारी मालकीनोंद नाही. आधीच्या खरेदी-विक्रीच्या पावत्या, बोट बांधणाऱ्याचे कागद, ट्रस्टचा नोंदणी क्रमांक आणि विकणाऱ्याचं ओळखपत्र एकमेकांशी जुळतंय का ते बघा. बोटीवर कर्ज बाकी नसल्याचं त्याच्याकडून लिहून घ्या.

बोट बघायची ती हिवाळ्यात किंवा पावसात. गाद्या उचला, खिडक्यांच्या कोपऱ्यात हाताचं बोट फिरवा. ओल लपत नाही.

विकत घेण्याआधी एक आठवडा

फेब्रुवारी-मार्चमध्ये भाड्याची नॅरोबोट घेऊन एक आठवडा राहा. उन्हाळी सहल काहीच शिकवत नाही. दोघं जाणार असाल तर दोघांनीही सुकाणू धरायला शिका. एक किंवा दोन दिवसांचे प्रशिक्षणवर्ग असतात, ते पैसे सत्कारणी लागतात. वेगमर्यादा तासाला ४ मैल. बांधलेल्या बोटींजवळून त्याहूनही हळू जायचं, नाहीतर काठावरून शेलके शब्द ऐकायला मिळतात.

सामान निम्मं करा, आणि मग उरलेल्याचंही निम्मं. आम्ही लोखंडी तवा, कुकर, खलबत्ता आणि परात ठेवली. मिक्सर ठेवला तो चूक होती.

पाणी, वीज, ऊब आणि ती टाकी

आमची पाण्याची टाकी ५०० लिटरची. दोघांना दहा दिवस पुरते. इंग्रज शेजाऱ्यांना याचा धसका असतो, पण सोलापुरात चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या घरात वाढलेल्याला यात नवीन काय? भांडी आधी पुसून मग विसळायची, गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी तांब्यात धरायचं, भाजी धुतलेलं पाणी कुंडीला. पाणी भरायच्या जागी नळी जोडून तास-दीड तास थांबावं लागतं. ट्रस्टची एकच किल्ली सगळ्या नळांना आणि टाकी रिकामी करायच्या खोल्यांना लागते. तिचा जोड आणून ठेवा; ती पाण्यात पडतेच. म्हणून किल्लीला बुचाचा तरंगता गोळा बांधतात.

संडासाबद्दल सगळ्यांना कुतूहल असतं आणि विचारत कुणी नाही. आमच्याकडे कॅसेट, म्हणजे काढून नेता येणारी टाकी आहे, २० लिटरची. दोघांत दोन-तीन दिवस. मग ती ओढत एल्सन पॉइंटला, म्हणजे अशा टाक्या रिकाम्या करायच्या जागी, न्यायची, ओतायची, धुवायची. दोन कॅसेट ठेवा. पहिल्या वेळी मळमळेल, चौथ्या वेळी तिथेच कुणाशी तरी हवामानावर गप्पा माराल.

विजेचं गणित कागदावर करा. आमच्या तीन लेड-ॲसिड बॅटऱ्या ११० अँपिअर-तासांच्या, म्हणजे ३३०. त्यातल्या निम्म्याच वापरायच्या, नाहीतर त्या लवकर मरतात. उरल्या १६५, म्हणजे साधारण २ युनिट वीज. फ्रिज दिवसाला ४० खातो, आठ तास चालणारा लॅपटॉपही ४०. उन्हाळ्यात छतावरचे ४०० वॉटचे सोलर पॅनेल हे सहज भरून काढतात. डिसेंबरात दिवस आठ तासांचा आणि तोही ढगाळ, तेव्हा रोज इंजिन चालवावं लागतं. घरून काम करणाऱ्याने थोडे जास्त पैसे टाकून लिथियमच्या बॅटऱ्या घ्याव्यात असं माझं मत झालंय. मिक्सर ७५० वॉटचा, तो लावला की बॅटरीतून साठ-सत्तर अँपिअर ओढतो आणि इन्व्हर्टर शिट्टी वाजवायला लागतो. शेंगदाण्याची चटणी आता खलबत्त्यात होते. खरं तर ती तशीच व्हायला हवी.

गॅस प्रोपेनचाच घ्या. ब्युटेन शून्य अंशाच्या खाली सिलिंडरमधून निघत नाही, आणि सकाळचा चहा राहतो. कोळसा, डिझेल, सिलिंडर घेऊन फिरणाऱ्या बोटी असतात. त्यांचा येण्याचा दिवस कळून घ्या, हात केला की थांबतात. डिझेल घेताना चालवायला किती आणि घरगुती वापराला किती हे सांगावं लागतं, कारण चालवायच्या भागावर पूर्ण कर लागतो.

शेगडीत धूर न करणारा कोळसा रात्रभर धुमसत ठेवता येतो. इथे एका गोष्टीत काटकसर नको: कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. एप्रिल २०१९ पासून तो सेफ्टी सर्टिफिकेटसाठी सक्तीचा आहे, पण असून उपयोग नाही, चालू हवा. आठवड्यातून एकदा बटण दाबून आवाज ऐका. थंडी वाजते म्हणून हवा येण्याची भोकं कधीही बुजवू नका. पोलादी डबा, आत दोन माणसं आणि कुकरच्या शिट्ट्या, ओल धरणारच. कुकर लावताना छताचं झाकण उघडा, सकाळी खिडक्या पुसा, गादीखाली हवा खेळती ठेवा.

कालव्याचं पाणी हाताला लागलं की साबणाने धुवा. मुंबईकरांना पावसाळ्यात ज्या लेप्टोची भीती असते तोच उंदरांच्या लघवीतून होणारा आजार इथेही होतो. जखम झाकल्याशिवाय पाण्यात हात नको. बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्यात प्लास्टिक किंवा जुनी साडी अडकली (साउथॉलजवळ आम्हाला खरोखर साडी मिळाली, जरीकाठाची) तर मागच्या झडपेतून हात घालून काढावं लागतं. आधी इंजिन बंद आणि किल्ली खिशात. नंतर झडपेचं झाकण घट्ट बसवून दोनदा तपासा. सैल झाकणाने बोटी बुडाल्या आहेत.

लॉक

लॉक म्हणजे पाण्याची लिफ्ट. चढताना बोट नीट बांधून सावकाश पाणी सोडलं की काम होतं. उतरताना धोका मागे असतो. वरच्या दरवाजाच्या खाली दगडी उंबरा असतो, त्याला सिल म्हणतात. पाणी भरलेलं असताना तो दिसत नाही. भिंतीवर पांढरी रेघ असते, बोटीची शेपटी तिच्यापुढे हवी.

मार्सवर्थची सात लॉकं उतरत होतो. चौथ्यात मी खाली पॅडल (पाणी सोडायची सरकती फळी) उघडून पुढच्या लॉकमध्ये जागा आहे का बघत होतो. बायको सुकाणूवर. बोट हळूच मागे सरकली होती, दोघांच्याही लक्षात आलं नाही. मग आत कपबशा सरकल्याचा आवाज आला. मागे वळून बघतो तर बोटीचं नाक खाली चाललंय आणि शेपटी जागच्या जागी. "बंद कर! बंद कर!" ती ओरडली. मी खालची पॅडलं खाली टाकली. पाणी थांबलं. वरून येणाऱ्या एका म्हाताऱ्या बोटवाल्याने न धावता, शांतपणे वरचं पॅडल थोडं उघडलं, मग आणखी थोडं. बोट सरळ झाली, उंबऱ्यावरून सुटली. आणखी फूटभर पाणी उतरलं असतं तर समोरच्या दारातून पाणी आत आलं असतं आणि घर तळाशी गेलं असतं.

तेव्हापासून आमचा नियम: सुकाणूवरचा माणूस हात वर करेपर्यंत पॅडल उघडायचं नाही, आणि उघडणाऱ्याने बोटीवरून नजर हलवायची नाही. फोन तर नाहीच.

हिवाळा

नोव्हेंबर ते मार्च लॉकं दुरुस्तीसाठी आलटून पालटून बंद असतात. यादी आधी जाहीर होते. ती बघून ठरवा, नाहीतर दोन बंद लॉकांमध्ये, नळापासून लांब अडकाल. हिवाळ्यापुरती एका जागी थांबायची मूरिंगही ट्रस्ट विकतो. थंडीची लाट आली की कालवा गोठतो आणि नळही, म्हणून अंदाज दिसताच टाकी आणि कोळसा भरून घ्या. नदीच्या पट्ट्यात हिवाळा काढू नका. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला हेंक वादळ आलं तेव्हा नद्यांना पूर आले. आम्ही साध्या कालव्यावर होतो, तरी रात्री दोनदा उठून दोर तपासले.

पत्ता, डॉक्टर, बँक

पत्रांसाठी आम्ही हॅरोच्या मित्राचा पत्ता वापरतो, त्याला विचारून. दर महिन्याला एक डबा पुरणपोळ्या हे भाडं. पोस्टात पोस्ट रेस्टांट म्हणून पत्र ठेवून घेण्याचीही सोय आहे. डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, हे एनएचएस इंग्लंडचं मार्गदर्शन आहे. काउंटरवर नकार मिळाला तर ते शांतपणे दाखवा. मतदार यादीत कायम पत्ता नसलेल्यांसाठी वेगळा अर्ज असतो. तो भरा, कारण नाव नसेल तर पुढे कर्ज मिळताना त्रास होतो. भारतातल्या एनआरआय खात्यांचा पत्ताही आठवणीने बदला, नाहीतर नवं कार्ड जुन्या घरमालकाकडे जातं. आमचं गेलं.

माणसांचं म्हणाल तर डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला आम्ही गेलो तेव्हा बोट अल्पर्टनला बांधली होती. १९३२ पासूनच्या या मंडळात लोकांनी बरेच प्रकार पाहिले असतील, तरी प्रसाद वाटताना तिघांनी विचारलं, "बोटीवर? आणि अंघोळ?" होते. पाच मिनिटांची.

बाहेर पडायची वाट

विकायची वेळ येईल तेव्हा ती वसंतात यावी असं बघा; नोव्हेंबरात गिऱ्हाईक नसतं आणि असलं तर भाव पाडून मागतं. तोपर्यंत एक फाईल सांभाळा: दर दोन-तीन वर्षांनी तळाला मारलेल्या डांबराची पावती, गंज स्वतःवर घेणारे ॲनोड बदलल्याची तारीख, इंजिनाच्या ऑइलच्या नोंदी, सेफ्टी सर्टिफिकेट. दोघांच्या मिळून सहा महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे बोटीबाहेर, बँकेत ठेवा, म्हणजे ती पडत्या भावात विकावी लागणार नाही. आमच्या फाईलमध्ये सर्वात वर त्या पहिल्या, न घेतलेल्या बोटीचा सर्व्हे आहे. २.६ च्या आकड्यांभोवती बायकोने लाल पेनाने गोल केलाय.